उमेदवाराचं हसू

फ्लेक्स वरून खाली उलगडत येत होता, आणि तो रस्त्याच्या अलीकडच्या कडेला, आपल्या इमारतीच्या फाटकाशी, खांद्याला बॅग अडकवून उभा होता. ऑफिसला उशीर होत होता. पण आपलं काम वर चढताना बघायचा मोह त्याला इतक्या वर्षांतही आवरता आलेला नव्हता. समोरच्या लोखंडी सांगाड्यावर कित्येक महिने एका गादीवाल्याची फाटकी जाहिरात लोंबत होती. आज तिथल्या आडव्या पाइपवर दोन माणसं पाय सोडून बसली होती आणि बेताबेताने दोऱ्या ढिल्या करत होती. आधी वरची रंगाची पट्टी दिसली. भिजलेल्या विटेचा रंग. त्याच्यासाठी बैठकांवर बैठका झाल्या होत्या. कारण निळा समोरच्या पक्षाने घेतलेला, लाल म्हातारा झालेला, आणि पिवळ्यात उमेदवार कावीळ झाल्यासारखा दिसत होता. मग केस आले. ते त्यानेच दाट केले होते. मग कपाळ, भुवया, डोळे. तोवर तो कारागिराच्याच नजरेने बघत होता. छापणाऱ्याने काळ्या शाईत पुन्हा हात आखडता घेतलाय, एवढंच त्याच्या मनात आलं. तेवढ्यात गुंडाळीची एक बाजू अडकली, वरच्या दोघांनी दोरीला हिसका दिला, आणि राहिलेला फ्लेक्स फडफडत एकदम खाली सुटला. नाक, ओठ, हनुवटी. आणि त्याच्या तोंडून शब्द गेला, ‘दादा.’

शेजारून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. तिला वाटलं असेल, हा माणूस फोनवर बोलतोय. तो मान वर करून बघतच राहिला. उजव्या बाजूला जरासं जास्त उचललेलं ते हसू, वरचा ओठ किंचित ओढलेला, जणू समोरच्याने काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय आणि त्याला ते खुळं म्हणायचं नाहीये. असा चेहरा त्याने नेहमी खालूनच पाहिला होता. दादा शिडीवर, आणि तो खाली, रंगाचा डबा धरून. दादा भिंतींवर अक्षरं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, आणि निवडणुका आल्या की जो सांगेल त्याची. ‘आपल्याला काय, सगळ्यांची वळणं सारखीच गोल काढायची,’ असं म्हणायचा. मग त्याला दुसरंच काहीतरी आठवलं. त्याला मागे वळून बघायचा धीर होईना. त्याच्या पाठीमागे, तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या चेहऱ्याच्या उंचीला, त्यांच्या घराची खिडकी होती आणि खिडकीशी आईची खुर्ची.

दादाला, त्याच्या थोरल्या भावाला, जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. एका पुढाऱ्याच्या सभेसाठी रस्त्यावर आडवं कापड बांधताना विजेच्या तारेला हात लागला. हा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्या दिवशी शाळेत परीक्षा होती म्हणून तो दादाबरोबर गेला नव्हता, एवढंच. पुढारी आला नाही. त्याच्याकडून फुलांचं एक मोठं चक्र आलं, त्यावर पक्षाच्या रंगाची रिबीन होती. आईने ते दारातूनच परत पाठवलं. रडताना तिला कुणी पाहिलं नाही, पण तेव्हापासून रस्त्यावरून कुठलीही मिरवणूक, कुठलाही भोंगा जाऊ लागला की ती उठून खिडकी लावून घ्यायची, आणि मतदानाच्या दिवशी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला काढायची. तो मात्र दादाच्याच वाटेने गेला, फक्त भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर. साबण, बिस्किटं, विमा यांच्या जाहिराती. राजकारणाचं काम त्याने कधी घेतलं नव्हतं. ह्या वेळी ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, ‘काका, पोरं आहेत हो, पण पोरांना अक्षर काढता येत नाही. माणूस नवीन आहे, त्याचं सगळं पहिल्यापासून उभं करायचंय. तुमचाच हात हवा.’ त्याला नाही म्हणता आलं नाही. घरी त्याने सांगितलं, ‘एका माणसाचं काम आहे.’ आई म्हणाली, ‘माणसाचं? मग साबणापेक्षा बरं.’

खरं तर ते काम त्याला आवडूही लागलं होतं, आणि ह्याचीच त्याला लाज वाटत असे. उमेदवाराच्या नावाची अक्षरं त्याने हाताने काढली. शिरोरेषा उजवीकडे जाता जाता केसभर वर चढवली. उमेदवाराचे मेहुणे, जे प्रत्येक बैठकीला येत आणि उमेदवाराच्या वतीने सगळं बोलत, त्यांनी तो कागद हातभर लांब धरून पाहिला नि म्हणाले, ‘रेघ वर चाललीय ना? मग झालं. खाली जाणारी नको.’ अडचण आली ती चेहऱ्याची. उमेदवाराला हसता येत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण कॅमेरा दिसला की त्याचं तोंड कुलूप घातल्यासारखं व्हायचं. फोटोग्राफरने विनोद सांगितले, मेहुण्यांनी नकला केल्या, बायकोला फोन लावून दिला. तेव्हा तर तो जास्तच गंभीर झाला. शेवटी मॅडम म्हणाल्या, ‘काका, तुम्हीच एक हसू बसवा. फार नको. भरवसा वाटेल इतकंच.’

चेहऱ्याचं काम तो नेहमी उलटं ठेवून करायचा. डोकं खाली, हनुवटी वर. ही त्याची जुनी सवय. सुलटा चेहरा माणसाला भुलवतो, आपण त्याच्याशी मनातल्या मनात बोलायला लागतो, आणि मग डोळ्याखालची सूज दिसत नाही. उलटा ठेवला की तो चेहरा राहत नाही. नुसते उंचवटे आणि खळगे राहतात, नकाशासारखे. त्यातही तो एका वेळी इवलासाच तुकडा मोठा करून बघायचा. ओठाचा कोपरा म्हणजे एका सावलीची हद्द. ती थोडी वर सरकवायची, गालावर तिचा हिशेब चुकता करायचा, डोळ्याच्या कडेला दोन सुरकुत्या उसन्या द्यायच्या. हात आपोआप चालत होता. इतका आपोआप, की त्या दुपारी तो खुशीत होता आणि कशामुळे ते त्याला कळत नव्हतं. पुढे तो चेहरा सुलटा करून मंजुरीला गेला, सगळ्यांनी पाहिला, त्यानेही पाहिला. पण तेव्हा तो कागद बघत होता, अक्षर आणि मोकळी जागा बघत होता. चेहरा त्याने पाहिलाच नव्हता. तो आज पाहिला, घराएवढा, खालून.

संध्याकाळी घरी परतताना तो मनात एकच घोळवत होता. आईने खिडकी लावून घेतली असेल, अंथरुणं धुवायला काढली असतील, किंवा त्याहून वाईट काहीतरी. पण खिडकी उघडी होती. खुर्ची मात्र रोजच्या जागेवरून हलली होती. तिरपी होती ती सरळ झाली होती, तोंड बाहेर. आई चष्मा पदराने पुसत होती. त्याने चपला काढल्या, हातपाय धुतले, स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे केली. जेवताना ती म्हणाली, ‘समोर कोण लावलाय रे तो?’

‘निवडणुकीला उभा आहे.’

‘बरा आहे का माणूस?’

‘मला काय माहीत? असेल.’

‘हसतो छान,’ आई म्हणाली, आणि ताटात बघत राहिली. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्या घरात दादाविषयी बोलायची पद्धतच नव्हती. दादा म्हणजे जमिनीवरची एक फुटकी फरशी होती आणि दोघंही अंधारातसुद्धा तिच्यावर पाय न देता चालायला शिकले होते.

त्यानंतर आईत फरक पडला. सकाळी तो उठायच्या आत ती खिडकीशी बसलेली असे. प्रचाराचे भोंगे गेले तरी खिडकी लागेना. एकदा तर त्याला ती गुणगुणताना ऐकू आली. सूर कसला, नुसतीच हूंहूं, पण तिला गुणगुणता येतं हे तो विसरूनच गेला होता. कधी नव्हे ते तिने त्याला सांगितलं, ‘डाव्या बाजूची दोरी सुटलीय त्याची. वाऱ्याने गाल हलतो. कुणाला तरी सांग.’ त्याने सांगितलं. ऑफिसातून मुद्दाम फोन करून माणूस पाठवला. ती दोरी बांधली जात असताना तो खाली उभा होता आणि आई वर खिडकीत, आणि मधे तो प्रचंड चेहरा दोघांकडे बघून हसत होता. आपण काय करून बसलो हे त्याला कळत होतं. मेलेल्या माणसाला रस्त्यावर उभं केलं होतं, एका परक्याच्या नावाखाली, आणि त्याच धंद्यात, ज्या धंद्याने त्याला खाल्लं. आईला हे कळलं तर ती काय म्हणेल? पण तिला कळलंच होतं की! आणि ती तर गुणगुणत होती. मग त्याच्या मनात एक चोरटा आनंद शिरला. बसस्टॉपवर, पुलाच्या कठड्यावर, बँकेच्या भिंतीवर, जिथे जावं तिथे दादा. तो रोज एक स्टॉप आधी उतरून चालत यायला लागला. लोक पोस्टरला टेकून उभे राहत, सावलीत बसत, एक म्हातारा तर रोज दादाच्या खांद्यापाशी पेपर वाचायचा. गर्दीत त्याला एकटं वाटेनासं झालं होतं.

एका रात्री, जेवण झाल्यावर, त्याने कपाटातून दादाचा फोटो काढला. फोटो म्हणजे एका ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. दादाला फोटो काढून घ्यायला वेळ कधी होता? ओळखपत्रावर गोल शिक्का मारलेला, आणि शिक्क्याची जांभळी कड नेमकी ओठांवरून गेलेली. डोळे दादाचे होते, कपाळ दादाचं होतं. हसत होता की नाही, ते शिक्क्याखाली गेलं होतं. दादाचं हसू आता फक्त आपल्याच आठवणीत आहे, त्याला वाटलं, आणि समोरच्या सांगाड्यावर. आठवणीवर त्याचा फार विश्वास नव्हता. आपल्याला साधा फोन नंबर ध्यानात राहत नाही. पण हाताच्या आठवणीचं वेगळं असतं. हात खोटं कशाला बोलेल?

मग तो सोमवार आला. मेहुणे ऑफिसात आले ते घाम पुसतच. ‘मॅडम, पंचाईत झाली. परवा सभेला आमचे साहेब गाडीतून उतरले, तर एक बाई त्यांनाच बाजूला सारते नि विचारते, अहो, तो हसरा उमेदवार कधी यायचा? साहेब म्हणाले, मीच. तर ती म्हणते, जा हो!’ खोलीत सगळे हसले. मेहुणेही हसले, पण लगेच थांबले. ‘हसायचं नाही ह्यात. समोरचे भाषणात सांगायला लागलेत, ज्याचं तोंड खरं नाही त्याचं काय खरं. चेहरा बदला. साहेब दिसतात तसे दिसू देत. कुलूप तर कुलूप.’

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. ‘काका, आजच करून टाका. सगळीकडचे बदलायचेत.’

‘सगळीकडचे?’ तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. ‘एखादा राहिला तर... म्हणजे, लांबच्या रस्त्यावरचा एखादा?’

‘कुठल्या लांबच्या?’

‘आमच्या इथला. तिथे रहदारी नसते फारशी.’

मेहुण्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ह्या माणसाला चढत्या रेघेचे पैसे दिले ते चुकलंच. ‘अहो काका, गावभर एक तोंड नि तुमच्या खिडकीसमोर दुसरं? उद्या कोणी दोन्हींचे फोटो शेजारी छापले की आमचं विसर्जनच! आणि तुम्हाला एवढं आवडलंच असेल तर घरी न्या की राव, भिंतीला लावा.’

सगळे पुन्हा हसले. तोही हसला, म्हणजे त्याला वाटलं की आपण हसलो. मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘बरं नाही का वाटत? मुलांपैकी कुणाला देऊ?’ तो घाईघाईने नको म्हणाला. दुसऱ्याच्या हातून ते व्हावं, हे त्याला सहन झालं नसतं.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्याने चेहऱ्याचं काम सुलटं ठेवून केलं. उलटं ठेवायला हात धजेना. जिवंत माणसाला कोणी उलटं टांगतं का? समोरासमोर बसला, डोळ्याला डोळा भिडवून. आधी डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या काढल्या. त्याबरोबर हसू अर्धं विझलं, कारण हसू ओठांत नसतंच, हे त्याला आधी माहीत होतं, पण आज दिसलं. मग गाल सपाट केला. ओठाचा उजवा कोपरा खाली आणताना त्याचा हात इतका हळू चालला, की पलीकडच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, ‘काका, मशीन अडकलंय का?’ तो म्हणाला, ‘नाही, मीच.’ कोपरा खाली आला, आणि पडद्यावर एक भला, थकलेला, अनोळखी गृहस्थ त्याच्याकडे बघू लागला. त्या गृहस्थाचा काही दोष नव्हता. त्याच्यावर राग काढायला गेलं, तर तेही जमेना. तारेला चिकटलेल्या दादाला त्याने पाहिलेलं नव्हतं. तो परीक्षेचा पेपर सोडवून घरी आला तेव्हा सगळं आवरून झालं होतं. आता मात्र त्याला वाटलं की आपण ते पाहिलं, आणि नुसतं पाहिलं नाही, आपल्याच हाताने केलं.

दुपारपर्यंत नवे फ्लेक्स छापायला गेले. आईला आधी सांगावं, का सांगू नये, ह्यातच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की आज त्यांच्या रस्त्याची पाळी आहे. मग मेहुण्यांनी थट्टेत सांगितलं होतं तेच त्याने केलं. ऑफिसच्या छपाई यंत्रावर जुना चेहरा काढला, साधारण माणसाच्या चेहऱ्याएवढा. खाली नाव नाही, वर रंगाची पट्टी नाही, अक्षर नाही. त्याची गुंडाळी करून, मॅडमना डोकं दुखतंय असं सांगून, उजेड असतानाच तो घरी निघाला. बसमध्ये ती गुंडाळी त्याने मांडीवर आडवी धरली होती. आईला काय सांगायचं, हे तो मनात जुळवत होता. आई, मी मुद्दाम नाही केलं. आई, तो माझ्या हातून आला. आई, बाहेरचा गेला तरी हा घे. प्रत्येक वाक्य नाटकातल्यासारखं वाटत होतं. आपण बोलण्यात पहिल्यापासूनच कच्चे. बोलायचं काम दादाचं होतं.

समोर नवा फ्लेक्स लागला होता. त्याने मान वर केली नाही. तो जिने चढून वर गेला. दार उघडंच होतं. आई खिडकीशी होती, पण खुर्ची पुन्हा तिरपी झाली होती, जुन्या जागी, आणि ती बाहेर बघत नव्हती.

‘लवकर आलास?’

‘हं.’

‘बदलला त्याला,’ ती म्हणाली. ‘दुपारी आली होती माणसं. आधी तो काढला, जमिनीवर पसरला आणि गुडघ्यांनी दाबून घडी घातली.’

जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्याने गुंडाळी पुढे केली. तिने ती सोडवली, मांडीवर पसरली, वर वर वळणारी टोकं दोन्ही तळव्यांनी धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

‘हा तू काढलास होय? मला वाटलंच.’

‘मी ठरवून नाही केलं, आई. उमेदवाराला हसता येत नव्हतं. मी नुसतं हसू बसवलं. ते... ते दादाचं आलं. मला रस्त्यावर उभं राहून बघेपर्यंत कळलंच नाही. तुला किती त्रास झाला असेल. म्हणून म्हटलं, तो गेला तर निदान हा तरी तुझ्याजवळ...’

आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, पोराने भलताच प्रश्न विचारल्यासारखं.

‘दादाचं? अरे, हा दादा कुठे आहे?’

‘म्हणजे?’

‘दादा हसायचा तो आ करून. घशातली पडजीभ दिसायची मेल्याची. तुझे बाबा म्हणायचे, तोंड मीट, माशी जाईल.’ तिने कागदावरच्या ओठांवरून बोट फिरवलं. ‘हा तू आहेस.’

तो कागदावर वाकून बघू लागला.

‘त्याच्यामागे डबा घेऊन फिरायचास ना, तेव्हाचा. तो काहीतरी वेडंवाकडं बोलायचा आणि तू असा, एका बाजूने. मोठ्याने हसायला लाजायचास.’ ती थांबली. ‘दादाचा चेहरा मला पाठ आहे रे. तो कुठे जात नाही. डोळे मिटले की आहेच. तुझाच आठवेनासा झाला होता. रोज समोर जेवायला बसतोस आणि आठवत नाही, सांगायचं कुणाला? मग परवा हा समोर आला. मी म्हटलं, बाई, आपला धाकटा तसाच हसत राहिला असता, तर आज असा दिसला असता.’

खाली रस्त्यावरून कुठला तरी भोंगा गेला. दोघांपैकी कुणीही खिडकीकडे गेलं नाही. आई खुर्चीच्या हाताला धरून उठली, त्याच्याजवळ आली. कपड्याचा तुकडा रंगाला जुळतोय का बघावं, तसा तिने तो कागद त्याच्या गालाशेजारी धरला. ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. त्याला कळलं की आता आपण हसायला पाहिजे. निदान उजवी बाजू. त्याने प्रयत्न केला. गालात कुठेतरी काहीतरी हललं. पण ओठाचा कोपरा कसा उचलायचा, हे पडद्यावर ज्याला चांगलं माहीत होतं, त्याला ते इथे, स्वतःच्या तोंडावर, काही केल्या सापडेना. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांऐवजी पाणी आलं.

आई चष्म्यातून बघत राहिली. तिला घाई नव्हती. मग हळूहळू तिचा हात खाली आला.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘दमला असशील. जेवायला वाढते.’